स्लॅबवर पत्रा कशासाठी?

किनाऱ्यालगतच्या कुठल्याही रस्त्याने एसटीने जाऊन पाहा. दापोली-हर्णै घ्या, गुहागर-वेळणेश्वर घ्या, नाही तर देवगड-मालवण घ्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नवी छोटी घरे दिसतात आणि त्यांतल्या कितीतरी घरांच्या स्लॅबवर लोखंडी पाइप उभे करून वर निळा नाही तर लाल पत्रा घातलेला दिसतो. म्हणजे आधी कर्ज काढून एक छप्पर केले, मग त्या छपराला वाचवायला दुसरे केले. घरधन्याला विचारा. "काय करणार साहेब, गळतंय. दोन पावसाळे काढले, तिसऱ्याला पत्रा घातला," असेच उत्तर मिळते.

वाचकहो, या एका उत्तरात आपल्या किनाऱ्यावरच्या घरबांधणीचा सगळा घोळ आला. जे छप्पर इथल्या पावसाला पुरत नाही ते एवढे पैसे मोजून आपण घालतो कशाला? आणि जे पुरत होते ते करणारी माणसे आता गावात किती उरली? या दोन प्रश्नांवर आज लिहायचे आहे.

माझे शिक्षण कृषी पदविकेचे. मी इंजिनिअर नव्हे. पण कृषी विस्ताराच्या कामात रोज कोणाच्या ना कोणाच्या पडवीत बसावे लागते, आणि बसल्यावर घराकडे लक्ष जातेच. शिवाय शेतकऱ्याचे घर हे शेतीचेच एक अवजार आहे. भात झोडायला आणि आमसुले वाळवायला खळे लागते. बियाणे ठेवायला धुराचा माळा लागतो. आंब्याची आढी घालायला गार आणि वारा खेळता कोपरा लागतो. नांगर बिघडला तर आपण लगेच दुरुस्त करतो. घर बिघडले तर त्याचा हिशेब शेतीच्या वहीत मांडत नाही, एवढाच फरक.

जुन्या घरातले शहाणपण

आपल्या किनाऱ्यावर वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. तोही सरळ पडत नाही. समुद्रावरून वारा येतो आणि पाऊस आडवा मारतो. वर उन्हाळ्यात कातळ तापतो, आणि बारा महिने हवेत मीठ असतेच. या तीन गोष्टींना तोंड द्यायला आपल्या पूर्वजांनी जे घर केले ते साधे होते. जांभ्याचे उंच जोते, चिऱ्याच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, मागे रांधण आणि न्हाणी. पाऊस आधी पडवीवर आपटतो. ओटीपर्यंत त्याचा तुषार येतो. माजघरात तो पोचतच नाही. जास्तच झड असली तर पडवीला माडाच्या झावळ्यांची झापं बांधायची. भिंतीला पाणी लागू नये यासाठी भिंतीपुढे एक अख्खी खोली उभी करायची, अशी ही रीत आहे.

जमीन उताराची असली तर घर पायऱ्यापायऱ्यांनी चढते. पडवी खाली, ओटी वीतभर वर, माजघर आणखी वर. आज आधी जेसीबी आणून डोंगर खरवडतात, सपाटी करतात आणि मग पावसाळ्यात मागचा उभा कापलेला भाग घरावर येईल काय म्हणून झोप उडवून घेतात. जुन्या गवंड्याला असा सपाटीचा हट्ट नव्हता.

भिंतीचा दगड जांभा. खाणीतून ताजा निघतो तेव्हा चिरा मऊ असतो, हत्याराने तासता येतो. हवा आणि ऊन लागले की त्याच्यातला लोहाचा अंश घट्ट धरतो आणि दगड कठीण होतो. म्हणून जाणता गवंडी ताजा चिरा लगेच भिंतीत घालत नाही. तो ठेवू देतो, वाजवून पाहतो, मोठी भोके आणि आतली पिवळी माती असलेला चिरा बाजूला काढतो. असा निवडलेला चिरा सांधमोड नीट ठेवून लावला तर बाहेरून गिलाव्याचीसुद्धा गरज नसते. रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान म्हणून जपलेले घर, मालगुंडचे कवी केशवसुतांचे घर, ही दोन्ही कोणालाही जाऊन पाहता येतात. मुलांना सहलीला नेतो तेव्हा थोरांची माहिती सांगतो. त्या घरांची पडवी, जोते आणि पावळीही दाखवावी.

कौल मात्र सगळेच जुने नाही. कुंभाराचे नळे जुने. मंगळुरी कौल त्या मानाने नवे आहे. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला आणि तिथून ते किनाऱ्याकिनाऱ्याने वर आले. त्या काळी ती नवी वस्तूच होती. आपल्या सुतारांनी तिच्यासाठी रिपांचे अंतर बदलले, पाख्याचा उतार बसवला आणि ती आपलीशी केली. सांगायचे तात्पर्य, आपला कारागीर नव्याला घाबरणारा नव्हता. नवे माल इथल्या हवेत कसे बसवायचे हे तो ठरवायचा. आज ते दुकानदार ठरवतो.

खारी हवा आणि लोखंड

स्लॅब वाईट असा माझा मुळीच दावा नाही. पण किनाऱ्यावर चांगला स्लॅब घालणे हे खर्चाचे आणि काटेकोर काम आहे. काँक्रीटसाठीचे भारतीय मानक, म्हणजे आयएस ४५६, किनाऱ्याची हवा 'तीव्र' गटात धरते. अशा जागी किमान एम-३० दर्जाचे काँक्रीट आणि सळीवर ४५ मिलिमीटरचे आवरण असावे असे ते सांगते. आता आपल्या वाडीवरचे काम आठवा. घमेल्याने मोजलेली खडी, अंदाजाने घातलेले पाणी, सळीखाली कुठे खडीचा तुकडा तर कुठे तोही नाही. वाळू खाडीची असली आणि नीट धुतली नसली तर मीठ आपण स्वतःच स्लॅबमध्ये घातले.

मग सळीला गंज चढतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते. आधी बारीक चीर, मग तांबूस डाग, मग खपल्या. घरात झोपलेल्या माणसाच्या अंगावर छताची खपली पडली म्हणजे मग धावाधाव. कौल फुटले तर एक कौल बदलता येते. स्लॅबचा एक कोपरा बदलता येत नाही.

यातही मधला रस्ता आहे. लॉरी बेकर या वास्तुविशारदाने केरळात, म्हणजे आपल्याच किनाऱ्याच्या खालच्या टोकाला, अनेक वर्षे स्वस्त आणि टिकाऊ घरे बांधली. त्यांना १९९० साली पद्मश्री मिळाली, २००७ साली ते वारले. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीटला फारसे काम नसते, म्हणून तिथे जुनी मंगळुरी कौले भरून काँक्रीट वाचवायचे, ही पद्धत त्यांनी रूढ केली. वजन कमी, खर्च कमी आणि खोलीही कमी तापते. ज्याला स्लॅब हवाच आहे त्याने न्हाणी आणि एक खोली एवढ्यापुरता असा स्लॅब घालावा, तोही जाणत्या माणसाकडून आणि सळीवर पुरेसे आवरण ठेवून. उरलेले घर कौलाखाली सुखाने राहते.

कौलाच्या तक्रारी खऱ्या आहेत

एवढे सांगितले की लोक म्हणतात, "साहेब, तुम्ही बोलायला मोकळे. वानर तुमच्या घरावर नाचत नाहीत." ही तक्रार अगदी खरी आहे. माकडे आणि वानर यांनी कौलांची जी नासधूस चालवली आहे ती बागेतल्या नासधुशीइतकीच त्रासाची आहे. दुसरी तक्रार परतणीची. दर वर्षी मे महिन्यात छपरावर चढून कौले परतायची, फुटकी बदलायची, वाळवी लागलेली रीप काढायची. तरुण माणूस मुंबईला, घरात दोन म्हातारी माणसे. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येणार. परतणार कोण? तिसरी तक्रार लाकडाची. साग परवडत नाही, ऐन-किंजळ मिळत नाही, आणि फणस तोडायचा तर १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाप्रमाणे परवानगी हवी.

या तक्रारी झटकून टाकता येणार नाहीत. पण त्यांतल्या प्रत्येकीला उपाय आहे, आणि तो उपाय कारागिराच्या हातात आहे. वानरांचा त्रास जिथे फार तिथे कौले रिपांना तारेने बांधतात, म्हणजे निदान ती उचलून फेकता येत नाहीत. कौलाखाली फळ्या किंवा पातळ पत्रा टाकला तर एखादे कौल फुटले तरी पाणी घरात येत नाही आणि परतणी दर वर्षी करावी लागत नाही. लाकूड परवडत नसेल तर लोखंडी पाइपची कैची चालते, मात्र खाऱ्या हवेमुळे तिला दर दोन-तीन वर्षांनी रंग हवाच. आणि सिंधुदुर्गात माणगा बांबू आहे. भरीव, सरळ, मजबूत. प्रक्रिया केलेल्या बांबूची बांधकामे कुडाळच्या कोनबॅक संस्थेने केलेली आहेत. प्रक्रिया न करता बांबू घातला तर भुंगेरे त्याचा भुगा करतात, हे ध्यानात ठेवावे.

शेतकरी बंधूंना माझ्या खात्याच्या बाजूने एक सांगणे. बांधावर, वरकस जमिनीत चार फणस, चार किंजळ आणि बांबूची दोन बेटे लावून ठेवा. आज लावलेला फणस तुमच्या नातवाच्या घराचा खांब होईल. बांबू मात्र तुम्हालाच वापरायला मिळेल.

वादळाने शिकवलेले धडे

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आले. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगाने रायगडच्या किनाऱ्याला धडकले, श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोली-मंडणगडपर्यंत माड आणि पोफळी आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. बागांच्या पंचनाम्यांना फिरताना छपरांची जी अवस्था दिसायची तिच्यावरून काही गोष्टी मनात पक्क्या झाल्या. निसर्गाच्या वेळी पत्रे कागदासारखे उडाले, तशी कौलेही उडाली, हे मान्य केले पाहिजे. नुसते कौलारू म्हणून घर वाचत नाही. कसे बांधले त्यावर वाचते.

वारा छप्पर दाबत नाही, उचलतो. हे एकदा समजले की पुढचे सगळे समजते. म्हणून दुपाखी छपरापेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्याला चांगले टिकते, कारण त्याला उघडी तिकोनी बाजू नसते. उतार पुरेसा हवा. बारा फूट आडव्या अंतराला सुमारे सात फूट उठाव ठेवला तर पाणीही झटकन उतरते आणि वाऱ्याची ओढही कमी होते. चपट्या उतारावरचा पत्रा सगळ्यांत आधी जातो. भिंतीबाहेर मोकळी लोंबणारी पावळी दीड फुटापेक्षा जास्त नको. जास्त सावली हवी तर खांब घालून पडवी करा, आणि पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवा. मोठ्या वादळात पडवी गेली तरी घर राहते. आपल्या कितीतरी जुन्या घरांत पडवीचे पाखे एक पायरी खाली असते, ते उगाच नव्हे.

पावळीच्या पहिल्या दोन ओळी, कडेची कौले आणि कोने बांधलेच पाहिजेत. बऱ्याच मंगळुरी कौलांना पाठीमागे तार ओवायला भोक असते. आपण ते कधी वापरत नाही. तार गंज न धरणारी घ्यावी. वासा पाटईला, पाटई भिंतीच्या पट्ट्याला लोखंडी पट्टीने जखडावी. भिंतीच्या माथ्यावर आणि दारे-खिडक्यांच्या वर काँक्रीटचा सलग पट्टा घालावा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्यापासून फार लांबचा नव्हता, त्यामुळे हा पट्टा वादळाइतकाच भूकंपालाही उपयोगी आहे. जुन्या घरात तो नव्हता. चांगले जुने तेवढे घ्यावे आणि उणे असेल ते नव्याने भरावे.

कागदावरचे पक्के घर

आता सरकारी बाजू. २०११ च्या जनगणनेत हाताने केलेल्या कौलांचे छप्पर कच्च्यात धरले गेले आणि यंत्रावरच्या कौलांचे पक्क्यात. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपला पाऊस सोसलेले कुंभाराचे नळे कागदावर कच्चे ठरले. त्याचा परिणाम लोकांच्या मनावर झाला. पक्के म्हणजे स्लॅब, कौल म्हणजे गरिबी, असे समीकरण बसले. सोयरीक ठरवताना मुलीकडचे विचारतात, "घर स्लॅबचं आहे ना?" अशा प्रश्नापुढे कुठला बाप कौले घालील?

प्रत्यक्षात प्रधानमंत्री आवास योजनेने (ग्रामीण) स्लॅबची सक्ती केलेली नाही. ही योजना २०१६ साली सुरू झाली. किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचे घर, आणि सपाट प्रदेशात मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये. स्थानिक हवामान, स्थानिक साहित्य आणि स्थानिक रचना यांचा विचार करावा असे योजनेतच म्हटले आहे. ग्रामीण गवंड्यांच्या प्रशिक्षणाचीही तरतूद आहे. तरी लाभार्थी पैसे कमी पडत असताना उधारीने स्लॅब घालतो आणि घर अर्धे राहते. २७० चौरस फुटांत चिऱ्याची दोन खोल्यांची मांडणी, वर चौपाखी कौले आणि पुढे पडवी अगदी नीट बसते. पडवी जोडली की घर दुपटीने मोठे वाटते, कारण आपले निम्मे दिवस पडवीतच जातात.

माझे म्हणणे असे की किनाऱ्यावरच्या प्रत्येक जिल्हा परिषदेने चिरा आणि कौल यांचे दोन-तीन नमुना आराखडे तयार करावेत. त्यांच्या अंदाजपत्रकात सुतारकामाची आणि कौले बांधण्याची मजुरी वेगळी दाखवावी. आज बहुतेकांच्या हिशेबात सिमेंटच्या पिशव्या नेमक्या मोजलेल्या असतात आणि कारागिराच्या हाताला ठोक रक्कम असते. ज्या हाताला दर नाही तो हात दुसऱ्या धंद्याला लागणारच. चांगले सुतार अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवायला गेले, गवंडी फरश्या बसवायला गेले, कुंभारांची भट्टी गणपतीच्या मूर्तींपुरती राहिली. त्यांना दोष देता येत नाही.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, गवंडी, कुंभार आणि लोहार हे चारही व्यवसाय आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीचे कर्ज मिळते. पण अवजार मिळाले आणि काम मिळाले नाही तर ते अवजार खुंटीला लटकते. कारागिराला गिऱ्हाईक आपणच देऊ शकतो.

चिराही जपून

एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगायला हवी. चिऱ्याचे गोडवे गाताना सड्यांचे हाल विसरून चालणार नाही. यंत्राने चिरा कापायला लागल्यापासून सडेच्या सडे पोखरले गेले. खाण संपली की खड्डा तसाच उघडा टाकला जातो, त्यात जनावरे पडतात. याच सड्यांवर आपली कातळशिल्पे आहेत. रत्नागिरी-राजापूर भागातली कातळशिल्पे २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. तेव्हा चिरा हवा म्हणून कातळ खरवडत सुटणे हा शहाणपणा नव्हे. छोटे घर बांधावे, मोजका चिरा घ्यावा, आणि घ्यायच्या आधी गावातली पडकी घरे पाहावीत. वाटण्या होऊन ओस पडलेल्या घरांचा चिरा, खांब आणि दारे आजही उत्तम असतात. भाऊबंदांची संमती घेऊन ती वापरली तर दगडही वाचतो आणि पैसाही. बंद पडलेली खाण साठवण तळ्याच्या कामी येते का, हे ग्रामपंचायतीने तपासावे.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. पाहुणे येतात ते पडवीत बसून सोलकढी प्यायला. असे पाहुणे यावेत म्हणून आपण नवी कौलारू खोली बांधतो आणि स्वतः शेजारच्या तापलेल्या स्लॅबखाली झोपतो. जे पाहुण्याला चांगले ते घरच्या माणसांना का नको?

तेव्हा वाचकहो, घर बांधायचे मनात असेल तर एवढे तरी करा. नकाशा काढायच्या आधी गावातल्या सगळ्यांत जुन्या सुताराला आणि गवंड्याला जागेवर न्या. त्यांना एका दिवसाची मजुरी द्या. फुकटचा सल्ला विचारू नका. वारा कुठून मारतो, पाणी कुठून येते, पडवी कोणत्या अंगाला घ्यायची, हे ते दोघे सांगतील. त्यांच्या सोबत गावातला एखादा तरुण पोरगा मदतनीस म्हणून घ्या आणि त्याचीही मजुरी हिशेबात धरा. येत्या मे महिन्यात परतणी काढाल तेव्हा शिडी धरायला घरच्या मुलाला बोलवा, आणि दोन कौले त्याच्या हाताने बसवून घ्या. म्हातारे सुतार अजून आहेत तोवरच हे शिकून घेता येईल.